खालचं टोक

आमच्या ह्यांना आत्मविश्वास आला तो मंगळवारी, आणि शुक्रवारी त्या आत्मविश्वासाने माझ्या धाकट्या भावाची बोटं चेचली.

आमचा धंदा घरं हलवण्याचा. कपाटं, पलंग, फ्रीज, मोडकी आरामखुर्ची, जे जे माणूस हौसेने जमवतो आणि जिन्यावर शेजाऱ्यांसमोर निघालं की ज्याची त्याला लाज वाटते, ते सगळं आम्ही एका दारातून काढून दुसऱ्या दारात घालतो. माझे वडील, आप्पा, मुकादम. उचलणारे दोघे, माझा धाकटा भाऊ आणि ‘भिंत’. भिंत म्हणजे माणूसच, पण पुढून पाहा, मागून पाहा, भिंतच. टेम्पो हे चालवायचे, आणि काचसामान बांधायचं काम माझं.

यंदा आप्पांची कंबर गेली. आता उशीसुद्धा उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मुकादमकी द्यायची कुणाला? धाकट्याच्या अंगात बळ आहे, पण मेंदू गुडघ्यात. म्हणून आप्पांनी ती जावयाला देऊ केली, कारण इतक्या वर्षांत ह्यांच्या हातून टेम्पोचा आरसादेखील कधी तडकला नव्हता. मात्र अट घातली.

“शुक्रवारी दातांच्या डॉक्टरीणबाईंचं घर आहे, ते तुम्ही हलवा, जावईबापू. मी खाली बसून बघतो. जमलं तर कायमचं तुमचं. नाहीतर धाकटा आहेच.”

‘धाकटा आहेच’ ऐकल्यापासून ह्यांची झोप उडाली. माझीही उडाली. नवरा भावाच्या हाताखाली गेला की दोघांची गाऱ्हाणी ऐकायला मी एकटी, आणि दोघांनाही वाटणार की मी समोरच्याच्या बाजूची.

मुळात ह्यांचा स्वभाव विचारण्याचा. रस्त्यात म्हैस आडवी आली तर तिलाही विचारतील, बाई, जाऊ का? कामावर म्हणायचे, “उचलू या का?” त्यावर धाकटा म्हणायचा, “नको भाऊजी, दमलोय,” आणि त्याच पेटीवर बसकण मारायचा. भिंत हसायची नाही, पण हलायचीही नाही.

मग कुणा शहाण्याने ह्यांना एका सरांचा पत्ता दिला. टायरच्या दुकानावर एक हॉल होता. तिथे सर लोकांमधून नेते घडवायचे. मंगळवारी सोडायला म्हणून मीही गेले होते. सरांचे बूट इतके चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा. पाण्याच्या बाटलीहून जड वस्तू त्या माणसाने जन्मात उचललेली नसावी, आणि बाटलीचं झाकणसुद्धा शिष्य उघडून द्यायचे. सर सांगत होते, रोज सकाळी आरशासमोर पाय फाकून, कमरेवर हात ठेवून उभं राहायचं आणि छातीतून म्हणायचं, ‘मी आहे!’ मध्ये कुणी बोललं तर आपलं वाक्य बदलायचं नाही. तेच वाक्य, तोच आवाज, ओठांवर हसू. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नेता वजन उचलत नाही, तो दिशा देतो.

बुधवारी सकाळी मी न्हाणीघराचं दार वाजवलं.

“अहो, आटपा. मला उशीर होतोय.”

आतून आवाज आला, “मी आहे!”

“आहात ते माहीत आहे. बाहेर या.”

गुरुवारी ह्यांनी आप्पांची खांद्याची गादी नाकारली. जुन्या गोधडीची, घट्ट टाके घातलेली, वजन घेताना खांद्यावर ठेवायची ती गादी आप्पांनी आजवर कुणाला हात लावू दिली नव्हती. ती त्यांनी स्वतःहून पुढे केली, तर आमचे साहेब म्हणाले, “आप्पा, तिची आता गरज पडणार नाही.” आणि हसले. तेच ते हसू. आप्पांनी गादी घडी करून काखेत मारली आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू हा जावई मीच बाजारातून पारखून आणला होता.

शुक्रवारी हे इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघाले. घरं हलवायला! धाकट्याने टेम्पोतून उतरता उतरता विचारलं, “ताई, आज घर हलवायचंय की भाऊजींना कुठे दाखवायला न्यायचंय?”

डॉक्टरीणबाई दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. खोकी उतरली, पलंग उतरला. राहिलं ते सागवानी कपाट, दाराला पुरुषभर उंचीचा आरसा. ह्यांनी त्या आरशात एकदा स्वतःला पाहून घेतलं. मी बशा गुंडाळत होते. न बघितल्यासारखं केलं.

आता आमच्या कामातली एक गोष्ट सांगते. जड वस्तू जिन्यावरून उतरवताना खालचं टोक मुकादमाचं. सगळा भार त्याच टोकाला येतो, घसरलं तर पहिला तोच चिरडणार, म्हणून शब्दही त्याचाच. खालून ‘टेक’ आलं की वरच्याने जागच्या जागी वस्तू टेकवायची. का, कशाला, काही विचारायचं नाही. आप्पांच्या आयुष्यात खालचं टोक दुसऱ्याच्या हातात गेलेलं मी पाहिलं नव्हतं.

हे वरच्या पायरीवर जाऊन उभे राहिले, पाय फाकून, कमरेवर हात.

“भाऊजी,” धाकटा म्हणाला, “खाली या की.”

“मी इथून दिशा देतो.”

“काय देता?”

“दिशा.”

“बरं. मग वजन मी घेतो, उरलेली दिशा तुम्ही वाटा.” धाकट्याने खालचं टोक धरलं, भिंतीने वरचं. ह्यांनी ‘उचला’ म्हटलं आणि कपाट उचललं गेलं. ह्यांची छाती चार बोटं वाढलेली मी दारातून पाहिली. मनात म्हटलं, फुगा, फुगा.

जिन्याच्या वळणावर विजेच्या मीटरची लोखंडी पेटी भिंतीतून बाहेर आलेली होती. वरून ती कपाटाआड गेली होती, दिसत होती ती फक्त धाकट्याला.

“टेक!” तो ओरडला.

“पुढे,” हे म्हणाले.

“टेक म्हणतोय ना!”

“पुढे.” तेच वाक्य, तोच आवाज आणि, देवा, ओठांवर हसू.

भिंत बिचारी कुणाचं ऐकणार? जन्मभर मुकादमाचं ऐकलेलं. तिने कपाट पुढे रेटलं. धाकट्याची उजव्या हाताची बोटं कपाट आणि पेटी यांच्यात सापडली. तो जो ओरडला, तो शब्द मी इथे लिहीत नाही.

ह्यांच्या तोंडावरचं हसू पुसलं गेलं. चेहऱ्यावर काहीच उरलं नाही, ना सर, ना दिशा. मला वाटलं, आता हे वळून मलाच विचारणार, ‘काय करू गं?’ तशी सवयच होती. पण माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. कठड्यावरून पाय टाकला, पांढरा शर्ट खिळ्यात अडकून बगलेपासून फाटला, आणि खालच्या पायऱ्यांवर उडी मारून त्यांनी कपाटाखाली खांदा घातला.

“भिंत, धरून ठेव. आता एक वीत मागे. मागे... मागे... बोटं काढ रे! निघाली? टेक.”

कपाट टेकलं.

बोटं काळीनिळी झाली होती, पण वळत होती. डॉक्टरीणबाई बर्फ घेऊन धावल्या. “मी दातांची डॉक्टर आहे, पण मोडलेलं वाटत नाही,” म्हणाल्या.

धाकटा बर्फात हात घालून पायरीवर बसला. “आता काय म्हणतात तुमचे सर?”

“चुकलो,” हे म्हणाले. टेकलेलं कपाट खांद्याने अडवून धरूनच म्हणाले. “तू टेक म्हणालास तेव्हाच टेकायला हवं होतं. बोटं माझ्यामुळे गेली असती.”

 माझ्या माहेरात चुकलो म्हणायची पद्धतच नाही. तिथे चुकणाऱ्याने जास्त ओरडायचं असतं. आप्पांनीही कधी म्हटलेलं मला आठवत नाही.

“कपाट परत वर घ्यायचं,” हे म्हणाले.

“वर?” धाकटा उसळला. “अर्ध्यावरून परत? लोक काय म्हणतील? पेटीला घासून निघेल, मारा एक धक्का!”

“धक्का नाही. वर. दारं काढू, आरसा वेगळा बांधू, मग उभं करून उतरवू.”

घर हलवणाऱ्याला उतरलेलं सामान परत चढवण्यासारखी दुसरी नामुष्की नाही. सगळ्या मजल्यांवरची माणसं दारात येऊन उभी होती. खाली आप्पा टेम्पोतून उतरून, कंबर धरून, जिन्याच्या तोंडाशी आले होते. ह्यांचा आवाज चढला नव्हता, हसू नव्हतं, कमरेवर हात ठेवायला हात मोकळेच नव्हते. पण भिंत वर सरकली. ह्यांचा चेहरा लाल झाला, मानेची शीर तटतटली.

आरसा मी बांधला. गोधड्यांत गुंडाळण्याआधी त्यात एकदा ह्यांचं ध्यान दिसलं. बाही लोंबतेय, नाकावर जळमट. अगदी माझा नवरा.

मग कपाट दुसऱ्यांदा उतरलं. खाली हे, वर भिंत. पायरी, टेक. पायरी, टेक. गोगलगाय बरी. धाकटा बर्फाचं फडकं हाताला गुंडाळून पुढे उतरत होता आणि चिडत का होईना, पण “डावीकडे पेटी आहे हां, भाऊजी” असं सांगत होता.

मधेच आप्पा दोन पायऱ्या चढले. चढू नये असं सांगितलेलं असताना. काखेतली गादी काढून त्यांनी ह्यांच्या खांद्यावर कपाटाखाली सारली.

“एवढा वेळ कपाटाला माझ्या हयातीत कधी लागला नव्हता,” ते म्हणाले आणि वळून खाली गेले.

टेम्पो भरला. धाकट्याने आप्पांना विचारलं, “उद्याच्या पियानोला खाली कोण?”

“मला कशाला विचारतोस? मुकादमाला विचार.”

धाकट्याने मान वर न करता विचारलं, “भाऊजी, उद्या खाली कोण?”

“मी. तुझा हात बरा होईस्तोवर तू वाट दाखव. आणि टेक म्हणालास की मी टेकणार.”

टेम्पोत बसल्यावर ह्यांनी खांदा चोळला आणि माझ्या कानाशी हळूच म्हणाले, “जरा खिडकी उघडू का गं?”

“उघडा,” मी म्हटलं. “दिशा मी देते.”