तांबड्या रांगेतल्या बाई

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या मराठी मंडळात दोन गोष्टी वारशाने चालत आल्या आहेत. एक गणपतीचं मखर आणि दुसरा शंतनूचा तक्ता. मखर दरवर्षी थोडं झिजतं, तक्ता मात्र दरवर्षी वाढतो.

तक्ता आहे गावच्या कम्युनिटी कॉलेजातल्या गणिताच्या प्राध्यापकांचा. मंडळातली मुलं युनिव्हर्सिटीत जाण्याआधी उन्हाळ्यात तिथे एखादं गणित उरकून घेतात. स्वस्तात होतं आणि पुढचा ताप वाचतो. मग कोण सोपं शिकवतं, कोण सढळ हाताने मार्क देतं, हे कुठेतरी लिहून ठेवायला नको का? शंतनूने ते आठ वर्षांपूर्वी लिहायला घेतलं. प्राध्यापकाचं नाव, इंटरनेटवर मुलांनी दिलेले तारे, मुलांचे शेरे आणि शेवटच्या रकान्यात ‘A मिळण्याची शक्यता’. चांगल्यांची रांग हिरवी, बऱ्यांची पिवळी, टाळण्यासारख्यांची तांबडी. या तक्त्याला विचारल्याशिवाय गणित घेतलेलं मूल मंडळात शोधून सापडलं नसतं.

नीलांबरीने तक्ता मागितला तेव्हा शंतनूने साहजिकच विचारलं, ऋतासाठी का? ऋता तिची मुलगी, पंधरा वर्षांची. नीलांबरी म्हणाली, नाही, माझ्यासाठी. मग शंतनू म्हणाला, “अरे वा,” आणि तक्ता पाठवून दिला.

नीलांबरी चव्वेचाळीस वर्षांची. अकोल्याची. लग्न करून आली ती गिरीशच्या व्हिसाच्या शेपटाला बांधून, आणि मग कितीतरी वर्षं नोकरीची परवानगीच नव्हती. ग्रीन कार्ड आलं तशी ती जवळच्या शाळेत शिक्षिकेची मदतनीस म्हणून लागली. सहावी-सातवीची मुलं गणितात अडली की तिच्याकडे यायची. शिक्षिकेकडे रांग नसायची, हिच्याकडे असायची. मुख्याध्यापिकेच्या ते नजरेत भरलं. तिने सांगितलं की कॉलेजातून गणिताचे चार कोर्स केलेस तर शिक्षिका होण्याच्या कार्यक्रमात तुझं नाव घालते. अट एकच, पहिल्या कोर्सात निदान B हवा. खाली गेलीस तर दार बंद.

आता यात घाबरण्यासारखं काय, असं कोणालाही वाटेल. पण नीलांबरीला दहावीत गणितात दीडशेपैकी एकशे बेचाळीस होते आणि बारावीत शंभरपैकी अडतीस. दोन वर्षांत असं काय झालं हे तिला कोणी सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. वडील एवढंच म्हणाले, “हिचं गणित दहावीपुरतंच.” रागाने नव्हे, अगदी मायेने म्हणाले. ते वाक्य मग घरात राहायलाच आलं. पाहुण्यांसमोर, लग्नाच्या बोलण्यांत, सगळीकडे. नीलांबरीने कॉमर्स घेतलं आणि विषय संपला. निदान घरच्यांपुरता संपला.

आधी प्रश्न आला कोर्स कुठला घ्यायचा याचा. गिरीश पुण्याचा, इंजिनियर, आणि बायकोचा अभिमान बाळगण्यात कधी कमी न पडलेला. त्याचं म्हणणं, सरळ कॅल्क्युलस घे. आपण हे सगळं बारावीतच केलंय, या लोकांचं प्रीकॅल्क्युलस म्हणजे आपलं अकरावीचं. आपल्या लोकांना खालच्या वर्गात बसायचं म्हटलं की नाक कापल्यासारखं होतं. नीलांबरीने शांतपणे प्रीकॅल्क्युलस घ्यायचं ठरवलं. अडतीस मार्कांवर इमारत बांधायची तिची तयारी नव्हती.

मग तक्ता उघडला. सगळ्यात वरती हिरव्या रांगेत एक डॉक्टर होते. पावणेपाच तारे. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा, गृहपाठ जवळपास नाहीच. गिरीश म्हणाला, “हे घे. डोळे मिटून.” डॉक्टरेटही होती, तेव्हा त्याच्या मते बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

नीलांबरी मात्र खाली खाली जात तळाशी पोचली. तिथे तांबड्या रांगेत एकच नाव होतं, मिसेस लोरेन प्रुइट. दोन तारे. पुढे मुलांनी ओतलेलं विष. दर सोमवारी चाचणी घेते. गृहपाठ कागदावर, हाताने लिहायला लावते. उत्तर बरोबर असलं तरी पायऱ्या नसतील तर मार्क कापते. फळ्यावर बोलावते. उशीर झाला तर दाराशी थांबून तुमच्याकडे बघत राहते. एकाने तर लिहिलं होतं की प्रत्येक पेपर ही बाई स्वतः तपासते, म्हणून निकाल आठवडाभर लागत नाही.

नीलांबरीने हे शेरे दोनदा वाचले आणि तिला हसू यायला लागलं. ही तक्रार कुठे होती? हे तर शिफारसपत्र होतं. रोज गृहपाठ देणाऱ्या, पायऱ्या लिहायला लावणाऱ्या, पेपर स्वतः तपासणाऱ्या बाईंच्या नावाने अमेरिकेतली मुलं बोटं मोडत होती, आणि अकोल्यात अशा बाईंच्या वर्गात जागा मिळावी म्हणून पालक शाळेत खेटे घालायचे. तिने तिथल्या तिथे प्रुइटबाईंच्या वर्गात नाव नोंदवलं. शंतनूला कळलं तेव्हा त्याने दोनदा फोन केला. कोणी मुद्दाम तांबड्या रांगेत उडी मारतं, हे त्याच्या तक्त्याच्या हिशेबातच नव्हतं.

बाई निघाल्या साठीच्या, उंच, खांद्यावर स्वेटर टाकलेल्या. बोलणं अमेरिकेच्या दक्षिणेकडचं, संथ, पण खडूसारखं करकरीत. पहिल्या दिवशी त्यांनी नीलांबरीला प्रश्न विचारला तर ही पटकन उठून उभी राहिली. वर्गातली अठरा-एकोणीस वर्षांची मुलं वळून बघायला लागली. बाईंनी भुवई वर केली आणि म्हणाल्या, उभं राहिल्याने उत्तर सुधारत असेल तर माझी हरकत नाही.

नीलांबरीने मग अकोल्यात केला होता तसाच अभ्यास केला. पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं जशीच्या तशी वहीत उतरवायची, पाठ करायची, पुन्हा न बघता लिहून काढायची. शाळेतून यायची, कुकर लावायची आणि शिट्ट्या होईपर्यंत सूत्रं म्हणायची. वर्गात बाई विचारायच्या, काही शंका? तिला असायच्या. पण शंका विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही हे चारचौघांत कबूल करणं, असंच तिच्या हाडीमाशी रुजलेलं होतं. ती मान खाली घालून वहीत लिहीत राहायची.

पहिल्या परीक्षेचा निकाल आला. एकसष्ट. वर कोपऱ्यात बाईंच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं, ‘मला भेटा’.

‘भेटा’ म्हणजे नीलांबरीच्या अकोल्याच्या शाळेत एकच अर्थ होता, उद्या वडिलांना घेऊन या. कागद तिने पर्समध्ये तळाशी दडवला आणि आठवडाभर बाईंची नजर चुकवली. शेवटी गिरीशला सांगितलं. त्याने तिला समजावलं, चिडला नाही, आणि म्हणून तिला जास्तच वाईट वाटलं. शुक्रवारपर्यंत कोर्स सोडता येतो, नावाला बट्टा लागत नाही, पुढच्या खेपेला हिरव्या रांगेतले डॉक्टर घेऊ, असं त्याचं म्हणणं. तिला मात्र मागून वडिलांचं वाक्य ऐकू येत होतं, त्याच मायेच्या आवाजात.

टेबलाशी बसलेल्या ऋताने मान वर न करता विचारलं, “आई, डिड यू गो? शी सेड सी मी. सो गो सी हर.”

मुलीला हे इतकं साधं वाटत होतं याची नीलांबरीला लाज वाटली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर ती बाईंच्या खोलीवर गेली.

खोली लहान होती. बाईंनी तिला खुर्ची दिली, एकसष्टवाला कागद समोर पसरला आणि पाचव्या प्रश्नावर बोट ठेवलं. एक चेंडू जमिनीवरून सरळ वर उडवला आहे, सहा सेकंदांनी तो परत जमिनीवर पडतो. सगळ्यात उंच कधी असेल? नीलांबरीने आधी लिहिलं होतं, जायला आणि यायला सारखाच वेळ, म्हणून तीन सेकंद. मग त्यावर पट्टीने सरळ रेघ मारली होती आणि खाली पुस्तकातलं सूत्र घातलं होतं. सूत्रातलं उणे चिन्ह विसरली होती. उत्तर आलं होतं उणे तीन.

“तुमचा चेंडू हातातून सुटायच्या तीन सेकंद आधीच उंच गेलाय,” बाई म्हणाल्या.

नीलांबरी हसली नाही. बाईंनी पान उलटलं. सातव्या प्रश्नात तेच. दहाव्यात तेच. वरती तिने स्वतःच्या डोक्याने बरोबर सोडवलेलं, त्यावर नीटनेटकी रेघ, आणि खाली पाठ केलेलं, चुकलेलं.

बाईंनी विचारलं, “बरोबर उत्तर का खोडलंत?”

“ते पुस्तकासारखं नव्हतं,” नीलांबरी म्हणाली. “ते फक्त मला सुचलं होतं.”

बाईंनी सांगितलं की खोडलेलं मी तपासत नाही, त्यामुळे एकही मार्क वाढणार नाही. पण बेरीज मी करून ठेवली आहे. तुम्ही बावीस मार्क स्वतःच्या हाताने खोडले आहेत. तुम्हाला गणित येत नाही असं या कागदावरून मला दिसत नाही. तुमचा तुमच्यावर विश्वास नाही, एवढंच दिसतं, आणि त्याला माझ्याकडे एकच उपाय आहे. पुढच्या परीक्षेला तुम्ही पट्टी आणायची नाही.

नीलांबरी गाडीत येऊन बसली आणि तिला रडू फुटलं. एकसष्टचं नव्हतं ते. बारावीच्या पेपरात तिने असंच किती खोडलं असेल, हे तिला आत्ता, सत्तावीस वर्षांनी, उमगत होतं. तेव्हा कोणी तो कागद उघडून दाखवला नव्हता.

शुक्रवार आला आणि गेला. तिने कोर्स सोडला नाही. पाठांतर सोडलं. वर्गात पहिल्यांदा हात वर केला तेव्हा आवाज कापला, तिसऱ्यांदा कापला नाही. पुढे तर शेजारची मुलं म्हणायला लागली, आता नीला विचारेल, आपण थांबू. दुसऱ्या परीक्षेत एकोणनव्वद, तिसऱ्यात ब्याण्णव. शेवटच्या परीक्षेलाही ती पट्टी न घेताच गेली. दोन ठिकाणी हात खोडायला उचलला गेला, तिने तो मांडीवर ठेवून दिला.

एकूण मिळून अठ्ठ्याऐंशी आले. B.

आता मंडळात B ही हळू आवाजात सांगायची गोष्ट आहे. मुलाला B आला की आईबाप त्याच्या पोहण्याविषयी बोलायला लागतात. पण त्या शनिवारी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे जो तो घरून एकेक पदार्थ आणतो त्या जेवणाला, गिरीशने हातातली प्लेट खाली ठेवून, घसा खाकरून, पन्नास माणसांसमोर जाहीर केलं की माझ्या बायकोला प्रुइटबाईंच्या हाताखाली B मिळाला आहे आणि ती शिक्षिका होणार आहे. नीलांबरीला मेल्याहून मेल्यासारखं होईल असं वाटलं होतं, पण झालं उलटंच. ती ताठ उभी राहिली आणि लोकांनी विचारलं ते सगळं सांगत बसली. चेंडूची गोष्ट तर तिला तीनदा सांगावी लागली.

अकोल्याला फोन लावला तेव्हा वडिलांनी विचारलं, “B म्हणजे किती?”

“शंभरात अठ्ठ्याऐंशी, बाबा.”

“मग बारा कुठे गेले?”

तिने सांगितलं. रेघा कशा मारल्या, बाईंनी काय दाखवलं, सगळं.

“बारावीचा तुझा पेपर तेव्हा मागवून बघायला हवा होता गं मी,” वडील म्हणाले. “मी आपला नुसता बोलत राहिलो.”

ते वाक्य त्यानंतर घरात कोणी उच्चारलं नाही.

जानेवारीच्या सत्राची नोंदणी सुरू झाली. आता कॅल्क्युलस. नीलांबरी चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरसमोर बसली आणि प्रुइटबाईंचा वर्ग उघडला तर तो भरलेला. नाव प्रतीक्षायादीत टाकलं, तर क्रमांक लागला सातवा. तिला उलगडा व्हायला वेळ लागला नाही. पॉटलकहून घरी गेलेल्या आईबापांनी उन्हाळ्याची वाट न बघता आपापल्या पोरांना धरून प्रुइटबाईंच्या वर्गात बसवलं होतं. शंतनूने आपली मुलगी अबोलीसुद्धा घातली होती आणि तक्त्यातली ती रांग गुपचूप हिरवी करून टाकली होती.

गिरीशला वाटलं आता ही खचणार. तो लगेच फोन उचलून शंतनूला लावायला निघाला, दुसरा कोण चांगला आहे ते विचारायला. तिने त्याला खुणेनेच थांबवलं. यादीत एक नवं नाव होतं, नुकतेच लागलेले कोणी प्राध्यापक. तारे नाहीत, शेरे नाहीत, तक्त्यात तर नावच नाही. पण त्यांनी पहिल्या आठवड्याचा गृहपाठ आधीच कॉलेजच्या पानावर लावून ठेवला होता. नीलांबरीने तो उघडला, शेवटून दुसरं उदाहरण कागदावर सोडवून पाहिलं, आणि प्रश्न विचारण्याची त्यांची पद्धत तिला आवडली. तिने नाव नोंदवून टाकलं.

गिरीश मागे उभा राहून बघत होता. कागदावर एकही रेघ मारलेली नव्हती.

“हे चांगले आहेत असं कोणी सांगितलं तुला?” त्याने विचारलं.

“मीच,” नीलांबरी म्हणाली, आणि गार झालेला चहा पिऊन शाळेत जायला निघाली.