फोटोपुरती पट्टी

मी बोलतोय. मुठीत मावणारा, करड्या रंगाचा, मनगटात अडकवायची दोरी असलेला एक साधा कॅमेरा. आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागात बोलतोय. कॅमेऱ्याला कसला आलाय राग, असं वाटत असेल, तर एकदा दुसऱ्यांचं हसू वर्षानुवर्षं पोटात साठवून बघा.

माझा जन्म एका लांबलचक पांढऱ्या खोलीत झाला. तिथे धुळीला येऊ देत नसत आणि माणसांना बोलू देत नसत. डोक्याला टोप्या आणि तोंडाला फडकी बांधलेल्या बायकांनी माझं भिंग बसवलं, स्क्रू पिळले. शेवटी मला एका छापील चेहऱ्यासमोर धरलं. दोन डोळे, एक नाक, एक हसरं तोंड. असा चेहरा दिसला की पडद्यावर त्याच्याभोवती पिवळा चौकोन काढायचा, म्हणजे फोटो घेणाऱ्याला कळतं की मी नेमका कुठे बघतोय. मी चौकोन काढला, पास झालो, खोक्यात गेलो. माणसाच्या चेहऱ्याबद्दल मला मिळालेलं शिक्षण एवढंच. असल्या शिक्षणापेक्षा अडाणी राहिलो असतो तर बरं झालं असतं.

मला विकत घेतलं ते बिट्टीच्या आईने. "फोन हातात घेतला की मी फोनच बघत बसते, पोरगी राहते बाजूला," असं ती दुकानदाराला म्हणाली. त्याने मनापासून मान डोलवली. त्याला खोकं खपवायचं होतं.

ही आई म्हणजे काळजीचं कोठार. घराबाहेर पडताना गॅस बंद आहे का ते बघणार, जिन्यावरून परत येऊन पुन्हा बघणार, आणि वर स्वतःलाच टोमणा मारणार, "घर जळलं तरी मी कुलूप नीट लावलेलं असेल." बाबा त्याच्या उलट. तो गॅस बघतच नाही, कारण ती दोनदा बघते हे त्याला माहीत आहे.

सुट्टीच्या दिवशी आम्ही फिरायला जायचो. तळं, बाग, गावाबाहेरची टेकडी. बाबाच्या खांद्याला डब्याची पिशवी, आईच्या मनगटात मी, आणि दोघांच्या पुढे पळणारी बिट्टी. ते दिवस चांगले होते. बिट्टी बदकाला बिस्किट देताना, बिट्टी बदकाचं ऐकून न घेता ते बिस्किट स्वतःच खाताना, बाबा उताणा झोपलेला आणि त्याच्या पोटावर चिखलाचे दोन छोटे पाय. मी मन लावून काम केलं. रागावण्यासारखं तेव्हा काही नव्हतं.

बिट्टीला पाचवं लागलं आणि शाळेतल्या तपासणीत कळलं की तिचा डावा डोळा नीट बघत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी आईबाबांना समोर बसवून सांगितलं, "डोळा आळशी झालाय. उजवा सगळं काम करतो, म्हणून हा बसून खातोय. उजव्यावर पट्टी लावायची, म्हणजे याला उठावंच लागेल. फिरायला नेता ना? मग उत्तम. झाडं, पाखरं, लांबचं, जवळचं, सगळं या डोळ्याला बघू दे. फक्त हयगय नको. हे लहान वयातच साधतं. एकदा वय गेलं की तो डोळा तसाच राहतो."

आईने मान हलवली. तिच्या मांडीवरच्या पिशवीत मी होतो.

पट्टी लावून पहिल्यांदा तळ्यावर गेलो तो दिवस. चिकटपट्टीसारखी पट्टी, वर फुलपाखराचं चित्र. बिट्टी अडखळत होती, बाकाच्या कडेला गुडघा आपटत होती, तरी खुशीत होती. आईने मला उचललं. मी बिट्टीकडे बघितलं, आणि मला चेहरा सापडेना. एकच डोळा होता. मला शिकवलेल्या चित्रात तसं नव्हतं.

"अरे, हिच्यावर चौकोनच येत नाहीये," आई म्हणाली.

"मागच्या झाडावर येतोय," बाबा वाकून म्हणाला. "झाडाचा घे. झाड हलत तरी नाही."

"चेष्टा नको रे. बघ ना, कॅमेऱ्यालाही हिचा चेहरा सापडत नाही."

बिट्टी हातभर अंतरावर उभी होती. तिने ते ऐकलं. हातातलं बिस्किट तिने तोंडाकडे नेलं आणि परत खाली आणलं. मला ओरडून सांगायचं होतं की पोरी, दोष तुझ्या चेहऱ्यात नाही, माझ्या शिकवणीत आहे. मी स्वतः जन्मभर एका डोळ्याने बघतोय, मला कोण हसतं का? पण मला तोंड नाही. मला फक्त बटण आहे, आणि ते तिच्या आईच्या बोटाखाली होतं.

तो फोटो आईने रात्री नातेवाइकांना पाठवला. लगेच मावशीचा फोन.

"अगं, काय झालं पोरीला? पडली का कुठे? मला कळवायचं नाही होय?"

"पडली नाही गं. डोळ्याचा उपाय आहे तो."

"मग फोटो कशाला पाठवायचा असला? एवढी गोड पोर, काय दिसतेय."

मग आत्याचा फोन, मग आणखी कुणाचा. आई प्रत्येकीला पहिल्यापासून सांगत राहिली आणि प्रत्येक वेळी तिचा आवाज थोडा बारीक होत गेला. बिट्टी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. झोपलीय असं सगळ्यांना वाटत होतं.

पुढच्या सुट्टीला बागेत गेल्यावर आई म्हणाली, "बिट्टी, इकडे ये. एक मिनिट. फोटोपुरती काढू या हं."

फोटोपुरती. माझ्या रागाचं मूळ या शब्दात आहे. पट्टी निघायची ती भुवईचे दोन केस घेऊन. बिट्टी "आऽ" करायची, आणि लगेच हस म्हटलं की हसायची. काढलेली पट्टी आई डब्याच्या झाकणावर चिकटवून ठेवायची. फोटो झाला की ती परत लावायला जावं, तर झाकणाचं तेल लागून तिचा चिकटपणा गेलेला.

"घरी गेल्यावर नवी लावू," आई म्हणायची.

"राहू दे गं," बाबा म्हणायचा. "सुट्टी आहे. डोळ्यालाही सुट्टी."

घरी पोचेपर्यंत पोरगी बाबाच्या खांद्यावर झोपलेली. झोपलेल्या डोळ्याला पट्टी लावून काय उपयोग? असा एकेक अख्खा दिवस गेला. ज्या दिवसांत त्या आळशी डोळ्याने पाखरं बघायची, त्या दिवसांत तो गुपचूप बसून राहिला, आणि हे सगळं माझ्या नावाखाली. मला कुणी विचारलं होतं? मी कधी म्हणालो की मला दोन डोळेच पाहिजेत?

तपासणीचा दिवस आला. डॉक्टरीणबाईंनी बिट्टीचा उजवा डोळा झाकून चित्रांचा तक्ता दाखवला. गेल्या वेळी जिथे अडकली होती, त्याच ओळीवर बिट्टी अडकली. तिने अंदाजाने "मासा" म्हटलं. ते घर होतं.

"पट्टी नियमित लावता ना?"

"हो. म्हणजे सांगितलीय तशी," आई म्हणाली. बाबाने बुटांची लेस बघितली. ती बांधलेलीच होती.

"चिडते का पट्टीने? बाहेर खेळते का?"

"बाहेरचं तर विचारूच नका," आईचा जीव भांड्यात पडला. एक तरी गोष्ट चांगली सांगण्यासारखी निघाली. तिने मला पिशवीतून काढलं, सुरू केलं आणि स्वतःच्या हाताने डॉक्टरांच्या हातात दिलं. "बघा ना. झोपाळा, घसरगुंडी, सगळ्यात पुढे."

डॉक्टरीणबाई एकेक फोटो सरकवत गेल्या. आई शेजारून सांगत होती, ही टेकडी, हे तळं, इथे हिने सँडल पाण्यात टाकली. हळूहळू एकटी तीच बोलतेय हे तिच्या लक्षात आलं.

"यात पट्टी कुठे आहे?"

"ती फोटोपुरती काढतो आम्ही."

"हा सकाळचा दिसतोय, सावली लांब आहे. हा भर दुपारचा, सावली पायाखाली. हा परतताना, पुन्हा लांब. कपडे तेच. मग लावली कधी?"

मला आनंद झाला. दुष्ट आनंद, पण झाला. तेवढ्यात उंच स्टुलावरून बिट्टी शांतपणे म्हणाली, "मावशीला पट्टी आवडत नाही. कॅमेऱ्याला पण नाही आवडत."

माझा आनंद तिथेच विरला.

"वेळ गेलेली नाही," डॉक्टरीणबाई आईला म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर आईला सोपं गेलं असतं. "पण अशा सुट्ट्या आणखी झाल्या तर जाईल. मग माझ्याकडे काही उपाय उरणार नाही."

पुढच्या वेळी घरूनच पट्टी लावून निघालो. काही झालं तरी काढायची नाही असं दोघांनी ठरवलं होतं. आईने तर असंही ठरवलं होतं की आज पट्टीसकट छान फोटो काढायचा, म्हणजे पोरीच्या मनातलं जाईल. झोपाळ्यासमोर उभं राहून तिने मला वर केलं. माझं भिंग पुरतं बाहेर यायच्या आत बिट्टीने स्वतःच पट्टी ओढून काढली आणि हसली. हुबेहूब त्या छापील चेहऱ्यासारखी. आणि मी मेल्याने क्षणात चौकोन काढला.

"लाव ती. बिट्टी, आत्ताच्या आत्ता लाव."

"मग फोटो नको काढूस."

"पट्टीचाच काढायचाय राणी."

"नको. मी घाण दिसते."

पाच वर्षांच्या मुलीला हा शब्द स्वतःसाठी वापरताना मी ऐकलं. आईने मला खाली घेतलं. बाबा म्हणाला, "तो कॅमेरा आधी आत ठेव."

चोर सोडून संन्याशाला फाशी. मी गेलो कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या चार्जरांच्या गुंत्यात. हिंडणं बंद, उजेड बंद. माझ्यावाचून मात्र पट्टी राहू लागली, हे मान्य करावं लागेल. खणातून ऐकू येतं सगळं. रडारड ऐकू आली, लाच म्हणून सांगितलेल्या गोष्टी ऐकू आल्या. एका संध्याकाळी बाबा दारातूनच ओरडला, "तक्त्यावरची पुढची ओळ ओळखली हिने." मग आई बराच वेळ नाक पुसत होती. मला कुणी येऊन सांगितलं नाही. मी ऐकलं.

आज दुपारी खण उघडला. बिट्टी कात्री शोधत होती. डोळ्यावर पट्टी. तिने मला उचललं, चालू केलं आणि पडदा नाकाला टेकेल इतका जवळ धरला. पलंगावर आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, हलू नकोस."

"अगं, तो कुठून काढलास? ठेव बघू."

"हलू नकोस म्हटलं ना. हललीस की दिसत नाहीस."

आई तशीच थांबली, हातात बाबाचा शर्ट.

"आता दिसतेस. तुझे केस पण दिसतात. उभे राहिलेत."

आईचा हात केसांकडे गेला आणि बिट्टीने बटण दाबलं. अर्धा शर्ट, अर्धा हात, डोळ्यांखाली काळं, तोंड उघडं. आणि आई बरोब्बर मधोमध. त्या आळशी डोळ्याने तिला शोधून काढलं होतं.

आता मी आईच्या हातात आहे. "शी, कशी दिसतेय मी," असं म्हणत तिने टोपलीचं चित्र असलेलं बटण दाबलंय. पुसायचा का, हो की नाही, असं मी विचारतोय आणि तिचा अंगठा "हो"वर आहे. तिच्या शेजारी उभी असलेली बिट्टी सगळं बघतेय, आणि तिचं नख पट्टीच्या कडेखाली गेलंय. कड उचलायला लागलीय.

बाई, माझ्याकडे नको बघूस. मी अजून तुझ्यावर रागावलेलाच आहे, ते राहू दे. अंगठा उचल आणि तिला सांग, फोटो चांगला आलाय.