वर चौथाई मिळवा

मित्रांनो, मी एक जुना तापमापक आहे आणि माझ्या मते पाणी ऐंशी अंशांवर उकळतं. हसून घ्या, मी थांबतो.

तुमच्या सेल्सिअसमध्ये बर्फापासून वाफेपर्यंत शंभर पायऱ्या. आमच्या रेओमूर पद्धतीत ऐंशीच. एके काळी युरोपात आमचा मान होता. मग सगळे सेल्सिअसकडे गेले आणि मी जुन्या बाजारात, कुलपांच्या ढिगात आलो.

तिथून मला कौशल्याबाईंनी उचललं. बिबवेवाडीत त्यांचा चिक्कीचा छोटा कारखाना होता. त्यांनी मला आधी उकळत्या पाण्यात घातलं. ऐंशी!

"बिघडलेला नाही हा," त्या म्हणाल्या. "याचं मोजणंच निराळं. वर चौथाई मिळवली की झालं."

उभ्या आयुष्यात मला इतकं कोणी समजून घेतलं नव्हतं. त्यांनी वहीत लिहिलं, 'पाक १२० वर उतरवणे.' माझे एकशेवीस, म्हणजे तुमचे दीडशे. चौथाईचं लिहिलं नाही. ती त्यांना तोंडपाठ होती. मुलाला, अनंतला, एकदा सांगितली. तो मोबाइल बघत "हो, हो" म्हणाला.

बावीस वर्षं आमची चिक्की मोडली की शेजारच्या दुकानात आवाज जायचा.

गेल्या वर्षी बाई गेल्या. अनंतने नवा डिजिटल तापमापक आणला. तो सेल्सिअसवाला, पण वही माझीच. वर्षश्राद्धाला अनंतने आईच्या आठवणीसाठी स्वतः चिक्की केली, बरोबर एकशेवीसवर उतरवून.

"अनंता, ही चिक्की आहे की कवळी काढायचं यंत्र?" रावसाहेबमामांनी विचारलं.

"मामा, आईच्या वहीतलंच प्रमाण आहे."

"मग तिनंच चुकीचं लिहिलं. वय झालं होतं तिचं."

अनंत चिक्कीचं ताट आवरू लागला. मग हळूच म्हणाला, "हो. शेवटी शेवटी तिला आठवत नव्हतं."

मित्रांनो, माझ्यात पारा आहे, वाचा नाही.

पाहुणे गेल्यावर रुपालीला, अनंतच्या बायकोला, राहवेना. "अहो, आईंचा तापमापक एकदा घालून बघू या ना."

तिने मला चहाच्या उकळत्या आधणात धरलं. बाईंच्या बाजूने साक्ष द्यायची ही एकच संधी होती. मी जीव एकवटून चढलो आणि ऐंशीवर ताठ उभा राहिलो.

"बघ," अनंत म्हणाला, "हाही बिघडलाय."

आता मी संपलेल्या सेलांबरोबर खणात असतो. वहीतल्या एकशेवीसवर लाल रेघ आहे. मित्रांनो, म्हाताऱ्यांचा आकडा जरूर खोडा. फक्त त्याआधी, तो कशाने मोजला होता, एवढं विचारा. आणि ते सांगत असतील, तेव्हा मोबाइल खाली ठेवा.