गिअर नसलेल्या गाडीतला डावा पाय

पी

म्हणजे पार्किंग. शोरूमच्या दारात उभी गाडी. स्टिअरिंगवर सासरे, शेजारी सून, मागे माहितीपत्रक घेतलेला सेल्समन.

"गिअर किती?"

"एकही नाही, काका. दोन पुल्या, मधे पोलादी पट्टा. पुल्या रुंद-अरुंद होतात, पट्टा सरकतो, धक्का न बसता वेग बदलतो. तसं पाहिलं तर गिअर अगणित."

"एकही नाही की अगणित? काय ते एक ठरवा."

सुनेने खिडकीबाहेर बघत हसू गिळलं.

आर

म्हणजे रिव्हर्स, तर जरा मागे. सासऱ्यांनी जन्मभर बस चालवली. निवृत्तीनंतर उरली घरची गाडी आणि सुनेला ऑफिसला सोडण्या-आणण्याची सत्ता. सून दोनदा शिकायला बसली, दोन्ही वेळा क्लचवरून त्यांची बोलणी खाऊन उतरली. आता ती बिनक्लचची गाडी घ्यायला निघाली होती. ही घरात आली की आपण घरात बसलो, हे सासऱ्यांनी ओळखलं होतं. तेव्हा गाडीला नापास करायचं ठरवूनच ते आले होते.

डी

म्हणजे ड्राइव्ह. गाडी सुटली. इंजिनचा आवाज चढला आणि वरच राहिला. वेग मागाहून, सावकाश. सासरे कान लावून होते. आता दुसरा गिअर टाकायला हवा. आवाज तर कधीचा मागतोय.

"हे इंजिन एकाच सुरात रडतंय. गप्प करा कुणीतरी."

"पट्ट्याच्या गिअरचं, म्हणजे सीव्हीटीचं, वैशिष्ट्यच आहे ते, काका. टॉर्क जो आहे तो…"

सासऱ्यांचा डावा पाय त्यांना न विचारता उठला आणि क्लच समजून ब्रेकवर पडला. त्याच दमात डाव्या हाताने दांडा ढकलला तो थेट

एन

मध्ये. न्यूट्रल आणि वर ब्रेक; गाडी भर रस्त्यात थिजली. सेल्समन पुढच्या दोन सीटांच्या मधे येऊन अडकला.

"ब्रेक उत्तम आहेत," तो तिथूनच म्हणाला.

मागच्या टेम्पोवाल्याने डोकं बाहेर काढलं. "आजोबा, शिकताय का?"

जन्मभर बस चालवलेला माणूस डाव्या पायाने अजून क्लच शोधत होता.

"हो, शिकताहेत," सून म्हणाली. "बाजूने जा." मग हळू आवाजात, "बाबा, डावा पाय वर घ्या. मांडी घाला."

"गाडीत?"

"अर्धी."

डी, पुन्हा

अर्धी मांडी घालून सासऱ्यांनी गाडी शोरूमपर्यंत आणली, लोण्यासारखी. नापास करायला कारण मिळेना, आणि उतरायला पाय. त्याला मुंग्या आल्या होत्या. लंगडत ते शेजारच्या सीटवर आले. सून स्टिअरिंगवर बसली.

"आता मी कशाला लागतो तुला?" पोटरी चोळत ते म्हणाले.

"रिव्हर्स घेताना मागे कोण बघणार?"

"त्याला कॅमेरा आहे, मॅडम," मागून सेल्समन उत्साहाने म्हणाला.

सुनेने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

"बिघडलाय तो," ती म्हणाली.

सेल्समनने माहितीपत्रक मिटलं. "हो. बिघडलाय."

सासऱ्यांनी मान बाहेर काढली. "येऊ दे. येऊ दे अजून."