नवमीला न जोडलेली तार

“सहादेवा, तार तुटली तरी तुझा पडदा बोलतोच कसा रं?” साखर कारखान्यात नवी यंत्रणा बसली त्या उन्हाळ्यात बॉयलरवरच्या रंभाजीनं विचारलं होतं. तो आवाज अजून कंट्रोल रूम सांभाळणाऱ्या सहादेवच्या कानाला चिकटलेला.

तेव्हा त्यानं पोरींच्या फेरासारखं समजावलं होतं. कंट्रोल रूम, मिल, पॉवर हाऊस, बॉयलर, चौघांच्या पेट्या काचेच्या तारेनं गोल जोडलेल्या. एका जागी हात सुटला, तर निरोप उलट्या अंगानं फिरून पोचतो, पापणी लवायच्या आत. फक्त मुख्य पेटीवर लाल दिवा लागतो.

“आन् दोन जागी सुटला तर?”

“मग मधला एकटा पडतो.”

“मंजी मीच की! बॉयलरवाल्याला कोन इचारतंय,” म्हणत रंभाजी खदखदून हसला होता.

अठ्ठ्याण्णवच्या खंडेनवमीला लाल दिवा लागला. यार्डातून बॉयलरकडं जाणाऱ्या नळीत उंदरांनी तार कुरतडली होती. पण तार जोडायची हत्यारं पूजेला मांडलेली, हळदकुंकू ल्यालेली. त्या दिवशी त्यांना हात लावत नाहीत. उद्या जोडू, म्हणाला सहादेव. उद्या दसरा. मग मोळी पडली, गाळप सुरू झालं आणि काहीच अडलं नाही. अडत नाही म्हणूनच ते राहिलं. पुढं सांगावं, तर ‘इतके दिवस काय झोपला होतास?’ असं साहेब विचारणार.

पौषात, भर दुपारी, राखेचा चर खणताना बॉयलरमागची, दुसऱ्या अंगाची तारही तुटली. कंट्रोल रूमच्या पडद्यावर पाण्याचा आकडा होता तिथंच थिजला. पाणी चढतंय की उतरतंय, पडद्यापुढच्या सहादेवला नि बॉयलरवरच्या रंभाजीला कळेना. रंभाजी स्वतः बॉयलरवरची, पाण्याची पातळी दाखवणारी काच बघायला वर गेला. काच फुटली. वाफेनं त्याला आईनंही ओळखू नये असं केलं.

साहेब लोक चौकशीला यायच्या आत सहादेवनं दोन्ही तारा जोडल्या, तुटल्याचं सांगितलं एकीचंच. एक तार तुटून पडदा थिजत नाही, हे सगळ्यांना पाठ. म्हणून कागदावर आलं: आकडा बरोबर होता, बॉयलरवाल्याला डुलकी लागली, पाण्याकडं लक्ष राहिलं नाही.

हंगाम संपून पट्टा पडल्यावर तो तिसगावला गेला. रंभाजीची बायको आक्काबाई ओसरीवर ज्वारी पाखडत होती.

“या भावजी. लई वाळलात वो.” तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. सुपातले दाणे उगाच सारखे करीत राहिली. “परवा नळावर एकजन म्हनली, झोपंनं मेला तुझा नवरा. आवो, मांजर दुधाला आलं तरी उठायचा ह्यो मानूस. लेकाला शाळेत चिडवत्यात. तुमी तितंच हुता. झोपले हुते का वो?”

‘न्हाई’ एवढं म्हणून उठायचं, असं तो एसटीत ठरवून आला होता. पाण्याला त्याचा हात गेला नाही.

“न्हाई वैनी. जागेच हुते. एक तार दसऱ्याच्या आदीच तुटल्याली. मला ठावं हुतं. म्या जोडली न्हाई. आन् ते गेल्यावर... गुपचूप जोडली.”