माउसच्या खालचं बटण

आमच्या घरात एकाच खोलीत दोन टेबलं आहेत, आणि दोन्ही टेबलांवरची माणसं एकमेकांकडे पाठ करून बसतात. खिडकीशी माझं शिवणाचं मशीन, कारण मला उजेड लागतो. समोरच्या भिंतीला ह्यांचा कॉम्प्युटर, कारण ह्यांना उजेड नको, स्क्रीनवर चमकतो म्हणे. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर पाठीला पाठ लावून बसण्यात काही वाईट नाही. उलट बरंच, भांडण झालं तरी तोंड बघावं लागत नाही.

हे पाण्याच्या पंपिंग स्टेशनवर होते. टाकी भरली की पंप बंद, हा तिथला पहिला नियम. विनाकारण पंप फिरत राहिला तर मोटर जळते. तो नियम ह्यांच्या अंगात असा काही मुरलाय की मी दुसऱ्या खोलीतून कात्री आणायला उठले, तरी माझ्या डोक्यावरचा पंखा बंद होतो. परत यावं तर घामाघूम व्हायचं आणि वर ऐकून घ्यायचं, 'खाली कुणी नव्हतं.' नोकरीच्या शेवटी शेवटी एक व्हॉल्व्ह आवळताना ह्यांच्या उजव्या हाताची बोटं सापडली. हाडं जुळली, पण बोटं ताठच राहिली. शर्टाची बटणं मी लावून देते आणि लावता लावता बोलणी खाते, जसा काही मीच तो व्हॉल्व्ह.

लेक लांब राहते, विमानाने जावं लागतं इतकी लांब. ती आणि तिचा बाप, दोघंही एका माळेचे मणी, तोंड उघडायचं म्हणजे जिवावर येतं. फोनवर 'जेवलात?' 'जेवलो.' 'बरं.' की फोन माझ्या हातात. पण ह्यांच्या बोटांचं ते झाल्यावर तिनेच डोकं लढवलं. आपला जुना माउस ह्यांना पाठवून दिला. गेम खेळायचा, बिनवायरचा, रिकाम्या काडेपेटीइतका हलका. साधा माउस ह्यांच्या हातात राहत नव्हता, त्याची वायर टेबलाच्या कडेला अडकली की मनगटात कळ यायची. हा मात्र ताठ बोटांखालीसुद्धा आपोआप सरकायचा. मग तिने बापाला आपल्या गेममध्ये ओढलं. दर रविवारी दुपारी चौघं खेळतात : लेक, जावई, लेकीच्या ऑफिसातली एक मैत्रीण आणि हे. त्या गेममध्ये एक पूल आहे. पुलाच्या तोंडाशी पहारा द्यायचा आणि लेकीने हाक मारली की धावून जायचं, एवढं ह्यांचं काम.

आणि काय सांगू, त्या पुलावर दोघं बोलतात! घर बदलायचं ठरलं, ते तिने मला नाही, ह्यांना आधी सांगितलं. तब्येतीची, ऑफिसातल्या कटकटींची, सगळी बोलणी मारामारीच्या मधल्या वेळात. मला राग आला. आनंद त्याहून जास्त झाला.

म्हणून एके दिवशी तिचा फोन आला तेव्हा माझ्या पायाखालची जमीनच सरकली. म्हणाली, बाबा आता हळू झालेत. हाक मारली की नुसते उभे राहतात, जागचे हलत नाहीत, आणि मग एकदम धावत सुटतात. तोवर इकडे सगळा खेळ संपलेला असतो. मैत्रीण वैतागली आहे. तिचा भाऊ बाबांच्या जागी खेळायला तयार आहे, हात चांगला आहे म्हणे त्याचा. मग आवाज खाली आणून ती म्हणाली, मधेच त्यांना सुचत नाही असं होत असेल का गं, एकदा डॉक्टरांना दाखवायला हवं. आणि शेवटी, "आई, तूच सांग ना त्यांना. हळूच सांग."

वा रे वा! सतार वाजवायची तुम्ही आणि तार तुटली की बोलवायचं मला. मी तिला फाडफाड बोलले आणि फोन ठेवला. पण ठेवल्यावर विचार सुरू झाला. रविवारची ती दुपार काढून घेतली तर ह्या माणसाकडे लेकीशी बोलायला राहतं काय? आणि डोक्याचं म्हणते ते खरं असलं तर?

त्या आठवड्यात मी ह्यांच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. गिऱ्हाइकाच्या कोटाला किती बटणं लावायची होती ते मी विसरले, ह्यांनी सांगितलं. माझी हरवलेली छोटी कात्री ह्यांनीच शोधून दिली, वर दोन शब्द सुनावले. पंखा तर नेमाने बंद होतच होता. डोकं गेलेल्या माणसाची लक्षणं मला काही दिसेनात.

रविवारी मी स्टूल उचललं आणि थेट ह्यांच्या शेजारी जाऊन बसले, मांडीवर कुणाच्या तरी पँटची दुमड घेऊन. खेळ झाला की सांगायचं, असं मनाशी ठरवलं होतं. ह्यांनी कानावर हेडफोन चढवले आणि माझ्याकडे संशयाने बघितलं. मी म्हटलं, इथे उजेड बरा आहे. ज्या कोपऱ्यात उजेड येत नाही म्हणून आयुष्यभर ओरडले, तिथे बसून.

खेळ सुरू झाला. हे पुलाच्या तोंडाशी उभे राहिले, आसपास कुणी नव्हतं. तेवढ्यात ह्यांनी माउस उचलून उलटा केला, डाव्या हाताच्या नखाने पोटाखालचं एक बारीकसं बटण सरकवलं आणि माउस पुन्हा टेबलावर ठेवला. त्याचा निळा दिवा विझला होता. मला वाटलं, काहीतरी युक्ती असेल. थोड्या वेळाने ह्यांचे खांदे एकदम ताठ झाले, कानात हाक आली असणार. मग माउस उलटा, ते बटण शोधा, नख निसटलं, पुन्हा शोधा, दिवा लागला, माउस कॉम्प्युटरला सापडेपर्यंत वाट बघा, आणि मग हे निघाले धावत. पोचले तेव्हा तिथे कुणी उरलं नव्हतं. हे मान खाली घालून पुलावर परतले. माउस उलटा. दिवा बंद.

माझ्या हातातली सुई तशीच राहिली.

"अहो, हे काय चाललंय तुमचं?"

ह्यांनी हेडफोनच्या माइकवर हात ठेवला. "काही नाही. पुलावर शांत आहे, म्हणून बंद केला. बॅटरी पुरवायला नको?"

रात्रभर चार्ज केलेली असते की, म्हटलं. तर म्हणाले, जुनी झालीय, दुपारभर पुरते न पुरते. मग वायर लावून खेळा. वायर मनगटाला ओढते. मग संपली तर संपली, आभाळ कोसळणार आहे का?

ह्यांनी स्क्रीनवरच्या पुलाकडे बघितलं. मग हळू म्हणाले, मागे एकदा संपली होती, मी बाजारात गेले होते तेव्हा. ऐन वेळेला माउस बंद पडला. लेक पलीकडे एकटी सापडली होती.

"तिने तीनदा हाक मारली. बाबा, या ना, म्हणाली. मी इथेच होतो आणि मला जाता आलं नाही."

"अहो, पण त्यातला मेलेला माणूस परत उठतो ना."

"उठतो. पण हाक मारली होती तिने."

मला रडू आलं आणि संतापही आला, दोन्ही एकदम. मी सरळ ह्यांच्या कानावरून हेडफोन काढले, आपल्या कानाला लावले आणि त्या चौघांच्या खेळात तोंड घातलं. लेकीला म्हटलं, तुझा बाप हळू झालेला नाही, तुझा बाप पंप बंद करतोय. तिला आधी काहीच कळेना. मी सगळं सांगितलं, बटण, नख, आणि त्या तीन हाकाही. तिकडे मारामारी चालू होती, त्यात तिचा खेळातला माणूस मेला तरी तिला पत्ता नसावा. मग तिने बारीक आवाजात विचारलं, "म्हणजे बाबा ठीक आहेत?"

"जसे पहिल्यापासून आहेत तसेच आहेत. त्याला तू ठीक म्हणत असलीस तर ठीक."

ती हसली आणि तिने नाक ओढलं. मग म्हणाली, चूक माझीच आहे. बाबांना सगळ्यात भारी मिळावं म्हणून माउसचा वेग तिनेच पार टोकाला नेऊन ठेवला होता. तो माउस म्हणे एका सेकंदात आठ हजार वेळा कॉम्प्युटरला सांगतो, मी इथे आहे, मी इथे आहे. एवढी बडबड करून कुणाचीही बॅटरी संपेल! मी ह्यांना एक गोष्ट तीनदा सांगितली की ऐकू येईनासं होतं. ती सांगेल तसं मी सांगत गेले आणि ह्यांनी सेटिंग उघडून तो आकडा हजारावर आणला. खेळताना फरक कळेल का, असं मी विचारलं, तर म्हणाली, आपल्यापैकी कुणाच्याच हाताला कळणार नाही. निळा दिवाही कायमचा बंद करायला लावला. त्यावर मात्र हे कुरकुरले. पंपाचा असतो तसा चालू असल्याचा दिवा आहे, अशी ह्यांची समजूत होती. आता त्या जुन्या बॅटरीवरही तीन-चार रविवार सहज निघतील, असं लेक म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिचा मला एक ओळीचा मेसेज आला. मैत्रिणीच्या भावाला तिने 'नको' म्हणून कळवलं होतं. ह्यांना ते कधी कळलं नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

पुढच्या रविवारी मी परत माझ्या खिडकीशी बसले, पाठ करून. कॉलर शिवत होते. मधेच मशीन थांबवलं, उगीचच, कानोसा घ्यायला. मागे माउस उलटा केल्याचा आवाज नाही, नखाची खरखर नाही. हाक मला ऐकू येणं शक्य नव्हतं, ती ह्यांच्या कानात. मला ऐकू आलं ते उत्तर.

"आलोय गं. तुझ्या मागेच उभा आहे."