कोर्टात घाम फुटलेला कंटेनर

मित्रांनो, मी एक जुना कंटेनर आहे. महामार्गावर ट्रकच्या पाठीवर बसून ऐटीत जातो तो नव्हे. मी जेमतेम कमरेएवढा, ॲल्युमिनियमचा, बारीक मानेचा. खंडाळा तालुक्यातल्या एका दूध संस्थेत पोटात द्रव नायट्रोजन भरून मी बसलेला असायचो. हा नायट्रोजन इतका थंड, की त्याच्यापुढे बर्फही ऊबदार वाटावा. त्यात जातिवंत वळूंचं बीज बारीक कांड्यांमध्ये ठेवत. ते वर्षानुवर्षं टिकतं आणि त्यातून गावच्या गाईंना चांगली वासरं होतात.

माझ्या अंगाला दोन भिंती आहेत. त्यांच्यामध्ये काहीच नाही, हवासुद्धा नाही. ही पोकळी हेच माझं बळ, कारण बाहेरची ऊब ती आत येऊ देत नाही. कारखान्यात मधली हवा ओढून घेतली, तिथे बूच मारलं आणि वर काळं टोपण बसवलं. ते टोपण कशासाठी आहे, हे गावात कुणाला सांगायचं मात्र राहून गेलं.

माझी देखभाल जाफर करायचा. रोज लाकडी पट्टी माझ्या पोटात बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची आणि पांढरं दव कुठवर चढलंय ते बघायचं. तिथवर नायट्रोजन. "काय गड्या, पोट भरलंय न्हवं?" असं तो मला विचारी. संस्थेत दूध, फॅट, राजकारण यांविषयी सगळे बोलत. माझ्याशी बोलणारा तेवढा एकच.

संस्थेचे चेअरमन लालासाहेब यांचा खिलार वळू मागच्या साली गेला. त्याच्या उरलेल्या कांड्या माझ्यापाशी होत्या. अधूनमधून ते येत, माझ्या झाकणावर हात ठेवत आणि जाफरला म्हणत, "आमचा गडी हाय न्हवं नीट?"

मग खंडेनवमी आली. या दिवशी आपल्याकडे अवजारांची पूजा होते. जाफरने सकाळपासून मला घासायला घेतलं. काळ्या टोपणाखाली वर्षानुवर्षांची घाण साठली होती. ती त्याला बघवेना. त्याने स्क्रू-ड्रायव्हरने टोपण उचकटलं, खालचं बूच खरवडून पुसलं. बारीक फुस्स झालं. त्याला वाटलं, धूळ उडाली. त्याने टोपण पुन्हा दाबून बसवलं. लालासाहेबांनी मला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. एवढा देखणा मी कधीच दिसलो नव्हतो, आणि आतून मी संपलो होतो.

दुसऱ्या दिवशी दसरा. संस्थेला कुलूप. माझ्या मानेला इलेक्ट्रॉनिक भोंगा होता. नायट्रोजन घटला की तो वाजायचा आणि पातळीची नोंदही ठेवायचा. तो बंद खोलीत वाजत राहिला आणि मी एकटाच ऐकत राहिलो. संस्था उघडली तेव्हा माझं पोट कोरडं होतं. खिलारच्या कांड्या वाया गेल्या होत्या.

"चोरून इकलास व्हय रं नायट्रोजन?" लालासाहेब ओरडले. वळू दुसऱ्यांदा मेला होता त्यांच्यासाठी. जाफरची नोकरी गेली, चोरीची केस झाली. मला लाखेचं सील लागलं आणि साताऱ्याला कोर्टाच्या मुद्देमाल खोलीत टाकलं. गंजक्या मोटरसायकली, कोयते, फुटके मोबाइल असा माझा शेजार. तिथे कुणी कुणाशी बोलत नाही. प्रत्येकाचं आपापलं दुःख.

जाफरच्या वकिलांनी मिरजेहून जवाहर मगदूम यांना आणलं. दवाखान्यांतली अतिथंड यंत्रं आणि त्यांचं इलेक्ट्रॉनिक्स यात त्यांचा जन्म गेला होता. आता ते खटल्यांमध्ये तज्ज्ञ म्हणून मत देत. त्यांच्या वाट्यालाही माझ्यासारखंच एकटेपण. एक बाजू म्हणे, हा आमचा माणूस. दुसरी म्हणे, हा विकलेला माणूस. चहाला कुणीच बोलवत नसे. जैन रीतीप्रमाणे दिवस मावळायच्या आत ते जिन्यात बसून एकटेच डबा खात.

त्यांनी भोंग्यातली नोंद वाचून दाखवली. कुलूप लागलेलं असताना नायट्रोजन थोडा थोडा उडत गेला होता. मग कोर्टासमोर त्यांनी माझ्यात नवा नायट्रोजन ओतला. थोड्या वेळात माझ्या सर्वांगाला घाम फुटला.

"चांगला कंटेनर बाहेरून कोरडा असतो," मगदूम म्हणाले. "याची पोकळी गेलीय. इथे चोरी झालेली नाही."

जाफरच्या वकिलांनी त्यांना आधीच बजावलं होतं, की टोपणाचा विषय काढू नका, दोष जाफरवर येईल. पण सरकारी वकिलांनी विचारलं, "मग पोकळी गेली कशी?"

मगदूमांनी माझं टोपण उचलून दाखवलं. "टोपणाखालचं बूच सरकलंय. त्यावर स्क्रू-ड्रायव्हरचे ओरखडे आहेत."

जाफरने वळून माझ्याकडे बघितलं. खंडेनवमीचं ते फुस्स म्हणजे काय, हे त्याला तेव्हा कळलं.

"बाईसाहेब," तो न्यायाधीशबाईंना म्हणाला, "ते टोपान मीच काढलं हुतं. पुसाया. पूजा हुती म्हून."

जाफर निर्दोष सुटला. बाहेर व्हरांड्यात लालासाहेब त्याच्यापाशी आले. "इचारायचंस तरी रं," एवढंच म्हणाले.

"कुनाला इचारू? आवं, तुमाला तरी कुटं ठावं हुतं?"

मी फुटका ठरलो म्हणून माणूस सुटला, याचं मला समाधान आहे. पण त्या दिवशी जाफर दारातून मला नुसता बघून गेला. हात काही त्याने लावला नाही.

मित्रांनो, वस्तूंना जपा, पण त्यांना काय सोसतं ते आधी विचारून घ्या. आणि ज्यांना ठाऊक आहे त्यांनी कुणी विचारायची वाट बघू नये, आपणहून सांगावं. मला वाचा असती, तर खंडेनवमीच्या सकाळी मी जाफरला एवढंच सांगितलं असतं: गड्या, मला घासू नकोस. जवळ बसून नुसता बोल.